सेक्रेटरिएटच्या हरलेल्या तीन शर्यती

सेक्रेटरिएटचं नाव काढलं की शौकिनांना आठवते ती ९ जून १९७३ ची बेलमाँट स्टेक्स. दीड मैल, २ मिनिटं २४ सेकंद, आणि दुसऱ्या नंबरचा घोडा ३१ लेंग्थ मागे. ती चित्रफीत मीही पुन्हापुन्हा पाहतो. आपली महालक्ष्मीवरची इंडियन डर्बी साधारण एवढ्याच अंतराची, २४०० मीटरची. त्यामुळे एवढी दौड घोड्याच्या छातीतून काय काय काढून घेते, हे मुंबईकर शौकिनाला वेगळं सांगावं लागत नाही. पण माझा जीव अडकला आहे तो त्याच वर्षी हा घोडा हरला त्या तीन शर्यतींत. १९७३ मध्ये तो बारा वेळा पळाला. नऊ जिंकला, तीन हरला. या तीन पराभवांचा छडा लावल्याशिवाय त्याची थोरवी कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात. जन्म ३० मार्च १९७०, व्हर्जिनियातल्या मेडो स्टडमध्ये. बाप बोल्ड रूलर, आई समथिंगरॉयल. मालकीण पेनी चेनरी, ट्रेनर लुसिएन लॉरिन, जॉकी रॉन टर्कॉट. दोन वर्षांचा असतानाच १९७२ चा ‘हॉर्स ऑफ द इयर’. १९७३ च्या जानेवारीत पेनीचे वडील वारले आणि वारसाकराचा बोजा समोर आला. मग घोड्याच्या पैदाशीचे हक्क ३२ हिश्श्यांत विकले गेले, प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलरना. एकूण ६० लाख ८० हजार! हंगाम सुरू होण्याआधीच त्याच्या पाठीवर एवढं ओझं.

आता २१ एप्रिलची वुड मेमोरियल. दोन आठवडे आधी गोथम स्टेक्समध्ये त्याने मैलाच्या ट्रॅक रेकॉर्डशी बरोबरी केली होती. न्यूयॉर्कच्या ॲक्विडक्ट कोर्सवर तोच घोडा तिसरा आला. पहिला अँगल लाइट, दुसरा शॅम. अँगल लाइट लॉरिनच्याच तबेल्यातला. म्हणजे ट्रेनर जिंकला होता आणि तरी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. वर्तमानपत्रांनी लगेच निकाल दिला: बोल्ड रूलरची पिलं लांब पल्ल्याला टिकत नाहीत, हाही टिकणार नाही.

खरं कारण वरच्या ओठाच्या आत होतं. तिथे गळू झालं होतं, आणि टर्कॉटला त्याची कल्पनाच नव्हती. लगाम खेचला की लोखंड नेमकं त्या दुखऱ्या जागी दाबलं जाई. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात सकाळची कसरत पाहायला जायची मला जुनी सवय आहे. तिथल्या एका वयस्कर मोतद्दाराने मला शिकवलं होतं, “साहेब, घोड्याचे पाय मागाहून बघा, आधी तोबरा बघा. चंदी राहिली म्हणजे कुठंतरी दुखतंय.” वुड मेमोरियलबद्दल वाचताना दर वेळी मला हे वाक्य आठवतं. घोडा बोलत नाही. त्याचं दुखणं ओळखायचं ते खरारा करणाऱ्या हाताने. म्हणून या हंगामाच्या श्रेयात मी एडी स्वेट या त्याच्या मोतद्दाराचं नाव मालकिणीच्या आणि ट्रेनरच्या बरोबरीने घेतो. त्या माणसाने आपलं अख्खं वर्ष घोड्याच्या सोबतीत काढलं.

डर्बीच्या आधी ते गळू फुटलं, आणि ५ मे रोजी केंटकीत जे घडलं त्याचे आकडे मला तोंडपाठ आहेत. सव्वा मैलाचे पाच पाव मैल: २५ १/५, २४, २३ ४/५, २३ २/५ आणि शेवटचा २३ सेकंद. बाकीचे घोडे दमत जातात तिथे हा प्रत्येक टप्प्यागणिक वेग वाढवत गेला! १ मिनिट ५९ २/५ सेकंद. दोन मिनिटांच्या आत पळालेली ती पहिली केंटकी डर्बी. माझ्या मते बेलमाँटच्या ३१ लेंग्थपेक्षा हे पाच आकडे मोठे. शॅमबद्दल मात्र वाईट वाटतं. स्टार्टिंग गेटवर तोंड आपटून त्याचे दात हलले होते, तरी तो अडीच लेंग्थ मागे दुसरा आला. दुसऱ्या कुठल्याही वर्षी तोच राजा झाला असता. मग प्रीकनेस, मग बेलमाँट, आणि १९४८ च्या सायटेशननंतरचा पहिला ट्रिपल क्राउन.

दुसरा पराभव ४ ऑगस्टला, साराटोगाच्या व्हिटनी स्टेक्समध्ये. साराटोगाला विजेत्यांचं कब्रस्तान म्हणतात ते उगाच नाही. मॅन ओ’ वॉर आयुष्यात एकदाच हरला तो इथेच, १९१९ मध्ये. १९३० साली गॅलंट फॉक्ससारखा ट्रिपल क्राउनवाला इथे जिम डँडीकडून हरला, आणि जिम डँडीचा भाव होता एकाला शंभर! सेक्रेटरिएटला हरवणाऱ्या घोड्याचं नाव अनियन. आपला घोडा तेव्हा विषाणूच्या तापाने आजारी होता. पण अनियनचा ट्रेनर ॲलन जर्कन्स मोठा वाकबगार. केल्सोसारख्या दिग्गजाला त्याच्या ब्यू पर्पलने तीनदा पाडलं होतं.

तापातून उठून १५ सप्टेंबरला मार्लबरो कप, १ १/८ मैल, १ मिनिट ४५ २/५ सेकंद: जागतिक विक्रम. मागे दुसरा आलेला रिवा रिज त्याच्याच तबेल्यातला, आदल्या वर्षीचा डर्बीविजेता. दोनच आठवड्यांनी, २९ सप्टेंबरला, वुडवर्ड स्टेक्स. उतरवायचं होतं रिवा रिजला; पण पावसाने ट्रॅकचा चिखल झाला आणि त्याच्या जागी सेक्रेटरिएटला पाठवलं. त्याची तयारी तर हिरवळीवरच्या शर्यतीसाठी चालली होती. प्रूव्ह आउटने त्याला साडेचार लेंग्थने हरवलं. ट्रेनर पुन्हा जर्कन्सच! व्हिटनीचा पराभव मी तापाच्या नावावर टाकतो, वुडवर्डचा नाही. त्या चिखलात प्रूव्ह आउटने दीड मैल २ मिनिटं २५ ४/५ सेकंदांत कापले. तो दिवस त्याचा होता, आणि महिन्याभराने त्याने जॉकी क्लब गोल्ड कपमध्ये रिवा रिजलाही मागे टाकलं.

वुडवर्डनंतर नऊ दिवसांनी सेक्रेटरिएट आयुष्यात प्रथमच हिरवळीवर पळाला. मॅन ओ’ वॉर स्टेक्स, दीड मैल, पाच लेंग्थने विजय आणि कोर्सचा विक्रम. शेवटची शर्यत २८ ऑक्टोबरला टोरांटोजवळच्या वुडबाइनवर. टर्कॉट निलंबित असल्याने एडी मेपल पाठीवर होता. साडेसहा लेंग्थने जिंकला. तीन वर्षांचा हंगाम संपला की निवृत्ती, हे हिस्सेदारांशी आधीच ठरलं होतं. त्यामुळे तो चार वर्षांचा असताना कधी पळालाच नाही, आणि जर्कन्सचा हिशेब चुकता करायचा राहून गेला.