विक्रमांची रास, करंडकाची वाट

पैनगंगा ओलांडली की हिंगोली संपून विदर्भ लागतो आणि क्रिकेटचा संघही बदलतो. हिंगोलीच्या पोराची रणजी महाराष्ट्राची, पलीकडच्या वाशीमच्या पोराची विदर्भाची. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन रणजी करंडक नेले. महाराष्ट्राचेही दोन आहेत, पण ते १९३९-४० आणि १९४०-४१ चे, प्रा. दि. ब. देवधरांच्या कर्णधारपदाखालचे. त्यानंतर आपण करंडक सोडून बाकी सगळं जमवलं.

डिसेंबर १९४८, पुणे. काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद, संघ ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर आलेला. तेवढ्यात काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडला; असला विक्रम आपल्याविरुद्ध नोंदला जाणं त्यांना नको होतं. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली ही आजही भारतीयाची सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकरांना मात्र एकही कसोटी मिळाली नाही.

त्याच मोसमात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबईविरुद्धची उपांत्य लढत झाली. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. बेरीज २,३७६, एका प्रथम दर्जाच्या सामन्यातला जागतिक विक्रम. चौथ्या डावात सहाशेच्या वर धावा करून आपण ३५४ धावांनी हरलो. महाराष्ट्राची पुढची पंच्याहत्तर वर्षं या एका धावफलकात वाचता येतात.

१९७०-७१ ला अंतिम सामन्यात मुंबईने अडवलं, १९९२-९३ ला पंजाबने, २०१३-१४ ला कर्नाटकाने. शेवटच्या वेळी केदार जाधवने मोसमात १,२२३ धावा ठोकल्या होत्या. उपांत्यपूर्व फेरीत खुद्द वानखेडेवर मुंबईला हरवलं होतं. तरीही हात रिकामेच.

ऑक्टोबर २०१६ मध्ये तर कमालच झाली. दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, मराठवाड्याचा अंकित बावणे नाबाद २५८. दोघांची अभेद्य भागीदारी ५९४, २०२४ पर्यंत रणजीतली सर्वांत मोठी. २ बाद ६३५ वर डाव सोडला. मग ऋषभ पंतने ३०८ फटकावले, दिल्ली ५९० पर्यंत गेली आणि सामना अनिर्णित! त्या मोसमात महाराष्ट्र बाद फेरीतही पोचला नाही.

एकदिवसीय सामन्यांतही तेच. नोव्हेंबर २०२२, विजय हजारे करंडकाची उपांत्यपूर्व फेरी. ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशच्या शिवा सिंगला एका षटकात सात षटकार मारले. एक चेंडू नो-बॉल होता. षटकात ४३ धावा, स्वतःच्या नाबाद २२०. अंतिम सामन्यात त्याने पुन्हा शतक केलं आणि सौराष्ट्र जिंकलं.

खालच्या टोकाचे आकडेही आपल्याकडे आहेतच. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळविरुद्ध धावफलक शून्यावर ३ बाद होता, मग ५ वर ४. पण मजा अशी की, तिथून २३९ पर्यंत जाऊन संघाने पहिल्या डावाची आघाडी घेतली. म्हणजे फलंदाजीचं दुखणं आपल्याला फार काळ टिकत नाही.

दुखणं वीस गडी बाद करण्याचं आहे. विदर्भाचे करंडक आठवा: २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात आदित्य सरवटेचे अकरा बळी, २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेचे मोसमात विक्रमी ६९ बळी. आपल्या पाटा खेळपट्ट्यांनी फलंदाजांना पानंच्या पानं दिली आणि गोलंदाजांना घाम.

गल्लीतसुद्धा पहिली बॅटिंग कोणाची यावर हाणामारी होते. बॉलिंगसाठी कोणी भांडत नाही. ज्या दिवशी आपल्या मैदानांवर चेंडूसाठी भांडण लागेल, त्या दिवसापासून देवधरांच्या दोन करंडकांच्या शेजारी तिसऱ्याची आशा धरायला हरकत नाही.