जोत्याची उंची : सांगलीतल्या घरबांधणीची पंचवीस वर्षं

सांगलीत फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक आज आधी दोनच गोष्टी विचारतं. इथं पुराचं पाणी येतं का, आणि 2019 ला कुठवर आलं होतं? दर, पार्किंग, पूर्वेचं दार ही बोलणी त्यानंतरची. नकाशे काढणं, ते मंजूर करून घेणं आणि साइटवर उभं राहून काम करवून घेणं यावर माझी हयात गेली. सुरुवातीच्या काळात पाण्याचा हा प्रश्न मला नदीकाठच्या गावभागाबाहेर क्वचितच कोणी विचारला. तो गिऱ्हाइकाच्या तोंडी कसा आला, हीच या धंद्याची गेल्या पंचवीस वर्षांची गोष्ट आहे.

फेब्रुवारी 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. तोवर शहराभोवतीच्या काळ्या रानाचे गुंठे पडायला लागलेच होते. स्टॅम्प पेपरवर खरेदी, चुन्याच्या फक्कीने आखलेला बारा-पंधरा फुटी रस्ता आणि पावसाळ्याआधी चार भिंती उभ्या. एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, नाही, मंजूर ले-आऊट नाही, खुली जागा नाही. ओढ्यावर भराव पडला तरी कोणी विचारत नव्हतं. शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचं पाणी दिवसेंदिवस का साचून राहतं, याचं उत्तर त्या फक्कीच्या रेघांत आहे. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने आधीची घरं नियमित करण्याची वाट काढली. गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर वाचलं, हे चांगलंच झालं. पण ‘आधी बांधा, पुढे होईल नियमित’ हा समजही त्यातूनच पक्का झाला.

त्या दिवसांत मार बसला तो नियमाने चालणाऱ्यालाच. रीतसर ले-आऊट करणाऱ्याला रस्ते, गटार आणि दहा टक्के खुली जागा सोडावी लागे, म्हणून त्याचा प्लॉट महाग पडे. शेजारच्या रानात गुंठा निम्म्या किमतीत मिळत असेल, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे कशाला येईल? नियमांनी धंदा बुडवला, असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. मला दिसलं ते वेगळं. नियम कागदावर होते आणि जमिनीवर नव्हते, तेव्हा प्रामाणिक माणूस आधी बुडाला.

2005 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं. इथली धोक्याची पातळी 45 फूट. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर पाण्यात गेले आणि पूररेषा हा शब्द घराघरात पोहोचला. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे नवं घर बांधायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मधे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर, म्हणजे दीड फूट, उंच राहून.

नकाशावर हा दीड फूट एका ओळीत मावतो. साइटवर त्याचं काय होतं, ते सांगतो. एकदा आम्ही ठरलेल्या खुणेपासून पारदर्शक नळीतल्या पाण्याने लाल रेषेवरच्या दीड फुटाची लेव्हल आणली आणि कोपऱ्यातल्या खुंटावर लाल खूण केली. ती आमच्या मिस्त्रींच्या छातीच्या वर आली. त्यांनी खुणेकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, एवढ्या मुरमात खाली दोन खोल्या निघाल्या असत्या.” त्यांचं गणित खरं होतं. भरावाचा मुरूम, तो दाबणं, तो धरून ठेवणारी भिंत, वाढलेल्या पायऱ्या हा सगळा खर्च असा, की त्याचा एक फूटही विकता येत नाही. मोठ्या बिल्डरने खांबांवर इमारत उचलली आणि खाली गाड्या लावल्या. दोन गुंठ्यांवर घर बांधून देणाऱ्या ठेकेदाराला ती वाट नव्हती.

मग एकामागून एक बंधनं येत गेली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या वाळू उपशालाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. लिलाव रखडले, वाळूच्या ब्रासचा भाव भडकला आणि दगड फोडून केलेल्या क्रश सँडवर नाक मुरडणारे मिस्त्रीही तीच वापरू लागले. मे 2017 पासून बांधकाम प्रकल्पांवर नियमन ठेवणारा महारेरा आला. गिऱ्हाइकाकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, विक्री चटई क्षेत्रावर करायची आणि बांधकामातल्या दोषाची जबाबदारी पाच वर्षं घ्यायची. एका स्कीमच्या बुकिंगवर दुसरीची जागा घेणाऱ्यांचा श्वास तिथे कोंडला. 500 चौरस मीटर जागा किंवा आठ सदनिका यांच्या आत राहिलं तर नोंदणी लागत नाही, म्हणून आठ फ्लॅटच्या इमारतींचे नकाशे मीही काढले. एप्रिल 2019 पासून चालू बांधकामातल्या घरावर पाच टक्के आणि परवडणाऱ्या घरावर एक टक्का जीएसटी ठरला; भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर तो आधीपासूनच नव्हता. कपाटात धूळ खाणाऱ्या त्या प्रमाणपत्राला जीएसटीमुळे किंमत आली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांच्या पुढे गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही बांधलेल्या घरांतून फिरलो. त्या छातीभर जोत्याच्या घरात गाळ पायऱ्यांपर्यंत थांबला होता. शेजारच्या घरात तो खोल्यांत शिरला होता. मिस्त्री सोबत होते. त्यांनी खांबावरच्या गाळाच्या रेषेवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू झाली. लहान भूखंडांची परवानगी सोपी झाली, पूररेषेची अट मात्र कायम राहिली. 2021 मध्ये गुंठेवारीची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवण्यात आली आणि त्याच वर्षीच्या जुलैत कृष्णा पुन्हा 50 फुटांच्या वर चढली. एका हाताने सवलत, दुसऱ्या हाताने बंधन, आणि मधे नदी.

या सगळ्यात माझ्या ओळखीचे कितीतरी लहान ठेकेदार स्वतःचं काम सोडून दुसऱ्यांच्या साइटवर गेले. त्यांचं दुःख मोठं आहे. कागद सांभाळायला त्यांच्याकडे माणूस नव्हता, भरावात अडकवायला भांडवल नव्हतं. नियम कडक करताना त्यांना हात देणारी व्यवस्थाही उभी करायला हवी होती. तरीही नियम सैल करा, असं मी म्हणणार नाही. सैल नियमांची किंमत बिल्डरने कधीच दिली नाही. ती दर पुरात अंथरूण डोक्यावर घेऊन निघणाऱ्यांनी दिली.

माझी मागणी एकच आहे. पूररेषा कार्यालयातल्या नकाशावरून उतरून जमिनीवर दिसू द्या. चौकाचौकात दगड रोवा, त्यावर पातळी कोरा आणि सातबाऱ्यावर तिची नोंद करा. आणि घर घेणाऱ्याला माझं सांगणं आहे, की टोकन देण्याआधी जोत्याची उंची लाल रेषेपासून मोजून घ्या. त्या दीड फुटाचा खर्च एकदाच होतो.