मुळा-मुठेचे सोबती, लेखांक ९ : मिशांवरची चव

गेल्या लेखांकात चिलापीने मुळा-मुठेत बस्तान कसे बसवले ते पाहिले. चिलापीचा चेहरा अगदी गुळगुळीत. या आठवड्यात मिशीवाल्या माशांकडे वळू, आणि सुरुवात नदीऐवजी हौदापासून करू. मांजरी, केशवनगर, शेवाळेवाडी या पट्ट्यात रानांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, तसे संकुलांच्या बागांत आणि हॉटेलांच्या अंगणात छोटे हौद आले आणि हौदांत कोई मासे आले. काठावर वाकलेल्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो : माशाला मिशा कशाला?

मोठी माणसे जी उत्तरे देतात त्यांतली बरीचशी चुकीची असतात. ‘मिशी आहे म्हणजे नर’ हे त्यांतले सर्वांत लाडके. कोईत नरालाही मिशा असतात आणि मादीलाही. नर ओळखायचा तर विणीच्या हंगामात त्याच्या डोक्यावर आणि कल्ल्यांच्या झाकणांवर खरखरीत पांढरे ठिपके उठतात ते पाहावेत. मादी पोटाने गोलसर दिसते. मिशी ही म्हातारपणाची खूणही नव्हे, लहानपणीच ती फुटलेली असते. आणि या मिशीत केस एकही नसतो. माशाला केस येतच नाहीत.

तोंडाबाहेरची जीभ

कोईला मिशा चार. दोन आखूड, वरच्या ओठाच्या कडेला. दोन लांब आणि जाडसर, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत. मराठी शास्त्रीय लेखनात त्यांना स्पृशा म्हणतात, आपण मिशाच म्हणू. सोनमासा आणि कोई यांत गोंधळ होत असेल तर एवढी एक खूण पुरेशी आहे. सोनमाशाला मिशा नसतात.

मिशी म्हणजे कातडीचाच पुढे आलेला मऊ, लवचीक दोरा. आत रक्तवाहिन्या, मज्जातंतूंचे जाळे आणि वरच्या थरात रुचिकलिका, म्हणजे आपल्या जिभेवर चव ओळखणाऱ्या ज्या पेशींच्या गाठी असतात त्याच. आपल्या जिभेच्या पुढच्या भागावरची चव मेंदूकडे नेणारी सातवी मस्तिष्क-चेताच माशाच्या मिशीवरची चव मेंदूकडे नेते. तेव्हा मिशी ही तोंडाबाहेर काढलेली जीभ आहे, असे म्हटले तर ते अलंकारिक बोलणे होत नाही, शरीररचनाच तशी आहे. काही माशांत ही जीभ आणखी पसरलेली असते. अमेरिकेतल्या एका मिशीवाल्या मांजरमाशाच्या अंगभर एक लाखाहून अधिक रुचिकलिका मोजल्या गेल्या आहेत. माणसाच्या तोंडात त्या काही हजारच असतात.

मिशीला चव कळते तसा स्पर्शही कळतो. रात्री वीज गेलेली असताना स्वयंपाकघरात डबा हाती लागला की आपण बोट बुडवतो, दाणे चाचपतो आणि जिभेला लावून मीठ की साखर ते ठरवतो. मासा ही दोन्ही कामे एकाच अवयवाने, एकाच क्षणी करतो.

चव कशाची? मुख्यतः अमिनो आम्लांची. चिखलातली अळी, गांडूळ, गोगलगाय, कुजत चाललेला मासा, या सगळ्यांतून प्रथिनांचे हे घटक पाण्यात झिरपत असतात. दूरचा माग माशाला नाकपुड्यांतून लागतो; अन्नापाशी पोहोचल्यावर नेमके कुठे तोंड घालायचे ते मिशी ठरवते. चवीखेरीजही काही मिशांना कळते. जपानच्या समुद्रातला एक मांजरमासा वाळूत बिळे करून राहणारे किडे रात्री शोधून खातो. किडा श्वास सोडतो तेव्हा त्याच्या बिळाच्या तोंडाशी पाणी किंचित आम्लधर्मी होते. सामू ०.१ ने घसरण्याच्या आतच या माशाच्या मिशा तो फरक टिपतात, असे जॉन कॅप्रिओ आणि कागोशिमा विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले.

एका घासाची गोष्ट

कोईला तळाशी जेवताना पाहा. पृष्ठभागावर टाकलेले दाणे तो डोळ्यांनी पाहून गिळतो, तेव्हा मिशांना विशेष काम नसते. तळाशी गेला की डोके खाली, शेपटी वर, आणि कोपऱ्यातल्या दोन लांब मिशा पुढे येऊन चिखलावर फिरू लागतात. एका जागी त्या थबकतात. त्याच क्षणी ओठ नळीसारखे पुढे येऊन खाली वळतात आणि मासा चिखलाचा आख्खा घास ओढून घेतो. आता काम तोंडाच्या आतले. टाळूवर एक मांसल उशी असते, तीही रुचिकलिकांनी भरलेली. अन्नाचा कण लागला की ती उशी तेवढ्याच जागी फुगून कण दाबून धरते आणि बाकीचा गाळ तोंडातून व कल्ल्यांतून बाहेर सोडला जातो. उरलेला कण घशातल्या दाढांखाली भरडला जातो. कोई हा रंगीत कार्पच, आणि कार्पच्या जबड्यात दात नसतात, दात घशात असतात. जठरही नसते, अन्न थेट आतड्यात उतरते. कोई चिखल खातो आणि थुंकतो असे आपल्याला काठावरून दिसते ते हेच. पहिली निवड मिशीची, दुसरी टाळूची.

मिशीवरून मुक्काम

हे सगळे ताडून पाहायला मासळीबाजार उत्तम. गाळ्यावर कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस, म्हणजे साधा कार्प, हे चौघे बहुतेक वेळा शेजारीच मांडलेले असतात. कटल्याचे तोंड वर वळलेले आणि मिशी मुळीच नाही, कारण तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरातला. त्याच्या ओठाच्या घडीत शोधली तर एक बारीक, आखूड जोडी सापडते. मृगळ तळाशी चरतो, त्यालाही एक छोटी जोडी. सायप्रिनसला मात्र दोन जोड्या, ठसठशीत. शेततळ्यात हे मासे एकत्र का वाढवतात त्याचे कारणही यातच आहे. प्रत्येकाचे ताट वेगळ्या थरात मांडलेले असते, त्यामुळे एकाच पाण्यात ते एकमेकांच्या तोंडचे फारसे पळवत नाहीत.

सायप्रिनस आणि कोई हे सख्खे नातलग. जपानच्या निइगाता भागातल्या डोंगरी शेतकऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रंगीत पिल्ले निपजली, ती त्यांनी वेगळी काढून जोपासली. १९१४ च्या तोक्यो प्रदर्शनात ती झळकली आणि कोई जगभर पसरला. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर घडवलेले आहे, तिथल्या पाण्यातल्या रंगीत माशांचे मूळ घराणे हे असे खाचरांतले. भारतात कार्प १९३९ मध्ये निलगिरीत आला, आणि १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरे वाण कटकला आले. बाजारातला सायप्रिनस त्यांचा वारस.

नदीतल्या मूळच्या माशांतही मिशीवरून मुक्काम ओळखता येतो. शिंगाड्याला चार जोड्या, मांगूरलाही चार, शिवड्याला दोन आणि त्यांतली वरची जोडी चांगली लांब. हे तळाचे, गढूळ पाण्याचे किंवा रात्री हिंडणारे मासे. पावसाळ्यात भीमा खोऱ्यातल्या नद्या तांबड्या होऊन वाहतात तेव्हा हातभर खोलीवर डोळ्यांचा उपयोग उरत नाही. अशा पाण्यात जेवायचे तर मिशी हवी.

खुदरीची नदी

मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्द यांच्यामधून मुळा-मुठा पूर्वेकडे वाहते, थेऊर ओलांडून पुढे भीमेला मिळते. पुण्याच्या पूर्वेकडच्या याच प्रवाहाला माशांच्या शास्त्रात मानाचे स्थान आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत १८२० च्या दशकात या भागात हिंडला. नद्यांतले मासे त्याने जमवले, चितारले आणि बऱ्याच जातींना कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. त्यांत १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेला खुदरी होता, आजचा निळसर परांचा महसीर, ‘टॉर खुदरी’. जगभर या जातीचे मूळ ठिकाण म्हणून पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा नोंदली गेली आहे.

खुदरीच्या मिशा कोईसारख्याच, दोन जोड्या. पण तो चिखलापेक्षा खडकाळ, वाहत्या तळाचा मासा. दगडांच्या सांदीतले खेकडे, गोगलगायी, पाण्यात पडलेली फळे असे त्याचे खाणे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून खुदरीची कृत्रिम पैदास होते, आणि महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून लोकांनी महसीर राखले आहेत. ज्या नदीने त्याला शास्त्रात नाव मिळवून दिले त्या नदीला मात्र तो राखता आलेला नाही. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची नोंद केली, २००३ मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेची; मधल्या काळात किती मूळच्या जाती मागे पडल्या आणि किती उपऱ्या जाती आल्या हे या नोंदी शेजारी ठेवल्या की कळते.

धरणे, बंधारे, वाळूउपसा, सांडपाणी अशी कारणे अनेक आहेत. मिशीशी थेट नाते आहे ते सांडपाण्याचे. १९६५ मध्ये जॉन बार्डाक आणि सहकाऱ्यांनी धुण्याच्या साबणचुऱ्यातल्या रसायनांचा मांजरमाशांवर होणारा परिणाम तपासला. पाण्याच्या दहा लाख भागांत अर्धा भाग एवढ्या प्रमाणातही मिशांवरच्या रुचिकलिका झिजू लागल्या आणि मासे अन्न शोधण्यात कमी पडू लागले. मासा जिवंत राहतो, पण त्याला समोरचे ताट सापडत नाही. शहराच्या खाली मुळा-मुठेवर फेसाचे थर तरंगताना आपण पाहतो, जलपर्णीची हिरवी चादर पाहतो. तळाशी काय चालले असेल त्याचा अंदाज या प्रयोगावरून बांधता येतो. अशा पाण्यात आफ्रिकन मांगूर तगतो हे खरे, पण तो हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून. त्याचे तगणे नदीच्या आरोग्याचा दाखला ठरत नाही.

वाचकांना दोन सूचना

घरी किंवा सोसायटीत कोई असतील तर त्यांच्या मिशा पाहत जा. हौदाचा तळ खरबरीत काँक्रीटचा किंवा धारदार खडीचा असला तर मिशा घासून झिजतात. तळाशी अन्न आणि विष्ठा कुजत राहिली तर जंतुसंसर्गाने त्या लाल होतात, गळतात. तळ गुळगुळीत ठेवा, गाळ वरचेवर काढा, खाद्य मोजकेच टाका. पाणी स्वच्छ राहिले तर झिजलेली मिशी काही अंशी पुन्हा वाढू शकते. झेब्रा माशाची कापलेली मिशी पुन्हा उगवते हे प्रयोगशाळांत दिसले आहे.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. नकोसा झालेला कोई नदीत, ओढ्यात किंवा कालव्यात सोडू नका. त्याच मिशांनी तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि मूळच्या माशांचे अन्न व अंडी घालायच्या जागा हिरावतो. काश्मीरच्या सरोवरांत कार्प आल्यावर तिथले मूळचे मासे मागे हटले. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० उपऱ्या जातींत कार्पची गणना होते. हेतू चांगला असला तरी परिणाम चुकत नाहीत. लोणावळ्यात वाढवलेली खुदरीची पिल्ले कावेरीत सोडली गेली, ती तिथे फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा मोठा, कुबडाचा महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. आपल्या नदीत जो भूषण, तो दुसऱ्या नदीत संकट ठरला. तेव्हा कोई पाळता येत नसेल तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या, नाहीतर दुकानदाराला परत करा. मुळा-मुठेचा तळ शिंगाडा, शिवडा आणि खुदरीचा आहे. तो त्यांच्यासाठी मोकळा आणि स्वच्छ ठेवणे हे काठावर राहणाऱ्या आपल्या सर्वांचे काम आहे.

पुढील लेखांकात : मरळ पाण्याबाहेर श्वास कसा घेतो?