मोडी-वाचन आणि समाजमाध्यमे

मराठी राज्यकारभाराच्या मोडी लिपीत शब्दांमधील अंतर सहसा पाळले जात नाही. इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही बहुधा नसतो. त्यामुळे मोडी कागद लावताना अक्षरज्ञानाइतकेच संदर्भज्ञान आवश्यक ठरते. हे ज्ञान पूर्वी जाणत्या वाचकाशेजारी बसून मिळे. आज ते समाजमाध्यमांवरही मिळू लागले आहे. घरच्या जुन्या कागदाचे छायाचित्र कोणी तेथे ठेवतो. नवशिका ‘सलास सबैन मया व अलफ’ एवढी अक्षरे लावतो. तीन, सत्तर, शंभर व हजार अशी ही अरबी संख्यानामे असून त्यांतून शुहूर सन ११७३, म्हणजे इ. स. १७७२-७३, निष्पन्न होतो, हे जाणकार दाखवून देतो. वाचनाची रीतच अशी सर्वांसमोर उलगडते, हा या देवघेवीचा खरा लाभ होय.

तथापि कागद कोणाच्या संग्रहातील, त्याच्या पाठीवर काय लिहिले आहे, सोबतचे कागद कोणते, हे अनेकदा नोंदले जात नाही. पुढे मूळ कागद विकला गेला वा नष्ट झाला, तर ते वाचन पडताळणार कसे? म्हणून संशयित अक्षरापुढे प्रश्नचिन्ह आणि प्रत्येक छायाचित्रासोबत स्थाननिर्देश, एवढी शिस्त तरी अवश्य पाळली पाहिजे. तिच्या अभावी अचूक वाचनही इतिहासाचे साधन न ठरता केवळ कुतूहलाचा विषय होऊन राहील.