सिंहाचं गाणं नक्की कोणाचं?

आज सुरुवातीला आम्ही एक सूर नुसता गुणगुणून दाखवला आणि ज्यांना तो ओळखीचा वाटतो त्यांनी हात वर करावेत, असं सांगितलं. जवळजवळ सगळेच हात वर गेले. कुठे ऐकलाय विचारलं, तर उत्तर आलं, 'द लायन किंग'मध्ये. १९९४ चा डिस्नेचा चित्रपट. बरोबर आहे. पण हे गाणं केलं कोणी, असं विचारल्यावर सभागृह शांत!

गाजलेल्या गाण्यांचा उगम बरेचदा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. आपण वाढदिवसाला जी चाल म्हणतो, ती अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या दोन बहिणींनी बालवाडीत सकाळी मुलांचं स्वागत करण्यासाठी केली होती. १८९३ साली ती पुस्तकात छापून आली, तेव्हा तिच्यात केक नव्हता की मेणबत्त्या. ही गोष्ट गमतीची म्हणून आपण पुढे जाऊ. सिंहाच्या गाण्याची गोष्ट तशी नाही.

सोलोमन लिंडा हा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतातला झुलू तरुण. लहानपणी गुरं राखायचा. वासरांच्या वासावर येणारे सिंह हाकलण्याच्या आठवणीतून हे गाणं आलं, असं सांगतात. १९३० नंतर हजारो तरुण पोटापाण्यासाठी जोहान्सबर्गला येत होते, त्यांत हाही आला. पुढे गॅलो या रेकॉर्ड कंपनीत माल बांधायच्या कामाला लागला. दिवसा तबकड्या बांधायच्या आणि संध्याकाळी गायचं. त्याच्या गटाचं नाव 'ईव्हनिंग बर्ड्स'. रेघारेघांचे झोकदार सूट घालून ही मंडळी कामगार वस्त्यांमध्ये गायची, आणि लोक खूश असायचे. लिंडाने एक साधी पण मोठी गोष्ट केली होती. खर्जातला आवाज एकट्यावर न ठेवता त्याने तो अनेकांना दिला, आणि त्या जाड सतरंजीवर स्वतः उंच, बारीक आवाजात गायला लागला.

१९३९ साली कंपनीने याच गटाला आपल्या स्टुडिओत बोलावलं. गाण्याचं नाव 'म्बुबे', म्हणजे सिंह. शब्द अगदी मोजके. एकदा गायले, दोनदा गायले. तिसऱ्या वेळी, गाणं संपत आलेलं असताना, लिंडाने ऐन वेळी काही स्वर उत्स्फूर्तपणे घेतले. तेव्हा आवाज थेट तबकडीवर कोरला जायचा, नंतर कापून जोडायची सोयच नव्हती. म्हणून ते स्वर राहिले. आज तुम्ही आम्ही जी चाल गुणगुणतो ती मूळ गाण्याचा मुखडा नाहीच बरं का, ती शेवटची जागा आहे!

तबकडी आफ्रिकेत दशकभरात लाखाच्या घरात खपली. या गायकीलाच लोक 'म्बुबे' म्हणायला लागले. लिंडाला हक्काच्या बदल्यात मिळाले, असं सांगितलं जातं, १० शिलिंग. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे अर्धा पौंड.

पुढे ॲलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या संग्राहकामुळे ही तबकडी न्यूयॉर्कला पीट सीगर या गायकाच्या हातात पडली. त्याने कान लावून शब्द उतरवून घेतले. झुलूत 'उयिंबुबे', म्हणजे 'तू सिंह आहेस'. सीगरला ऐकू आलं 'विमोवे'. त्याच नावाने 'द वीव्हर्स' या त्याच्या गटाने हे गाणं म्हटलं आणि १९५२ मध्ये ते अमेरिकेत गाजलं. तबकडीवर रचनाकार म्हणून नाव होतं पॉल कॅम्पबेल. असा माणूसच नव्हता, ते गटाने घेतलेलं टोपणनाव होतं.

सीगरला माहीत नव्हतं का? त्याची समजूत अशी, की हे पारंपरिक गाणं आहे. पुढे खरा प्रकार कळल्यावर त्याने लिंडाला १००० डॉलर पाठवले. माणूस सज्जन, यात आम्हाला शंका नाही. पण 'पारंपरिक' हा शब्द फार सोयीचा आहे. दूरच्या, गरीब माणसाचं गाणं चटकन पारंपरिक होतं, जवळच्या माणसाचं होत नाही.

१९६१ मध्ये जॉर्ज वाइस आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी शब्द लिहिले, 'द टोकन्स' या गटाने ते गायले आणि गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लिंडाच्या त्या उत्स्फूर्त स्वरांचा आता मुखडा झाला होता. शब्दांत मात्र सिंह जंगलात झोपलाय. सिंह राहतो मुख्यतः माळरानावर, आणि लिंडाच्या सिंहाला झोपायला कोणी सांगितलंच नव्हतं!

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, मूत्रपिंडाच्या आजाराने लिंडा गेला. पदरी जवळजवळ काहीच नव्हतं. बायकोला थडग्यावर दगड बसवायला १८ वर्षं लागली.

२००० साली रायन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने 'रोलिंग स्टोन' मासिकात हे सगळं लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. पण हक्क तर विकलेले होते, मग खटला कशावर भरायचा? इथे एक जुना कायदा उपयोगी पडला. ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या कॉपीराइट कायद्यात तरतूद होती, की रचनाकाराने हयातीत हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. म्हणजे लिंडाच्या बाबतीत १९८७ ला. 'द लायन किंग' आला १९९४ ला. २००४ मध्ये डिस्नेवर दावा दाखल झाला. परदेशी कंपनीला दक्षिण आफ्रिकेतल्या कोर्टात आणायचं कसं? तर तिथे नोंदलेल्या तिच्या व्यापारचिन्हांवरच टाच आणली गेली. त्यांत मिकी माऊसही आला आणि डोनाल्ड डकही. फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. लिंडाच्या मुलींना पैसे मिळाले आणि रचनाकार म्हणून वडिलांचं नाव मान्य झालं.

आणि हो, तो १९११ चा कायदा काही बदलांसह १९१४ पासून आपल्याकडेही होता, १९५७ चा भारतीय कायदा येईपर्यंत. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा लिहून घेता येणार नाही, ही दुरुस्ती आपल्याकडे झाली ती २०१२ मध्ये.

आता १९३९ ची ती तबकडी लावतो. तीन मिनिटांपेक्षा कमीच आहे. थोडी खरखर ऐकू येईल, तिकडे लक्ष देऊ नका. शेवटाकडे मात्र कान द्या.