एका फळाचे झाड

झाड जेमतेम हातभर उंच, कुंडी ताटाएवढी उथळ. आणि फांदीला लोंबते आहे मुठीहून मोठे, पिवळेधमक असे एकच फळ! प्रिय वाचकहो, हे चित्र काल्पनिक नव्हे. जपानात शरद ऋतूच्या अखेरीस वामनवृक्षांच्या प्रदर्शनांतून असे झाड पाहावयास मिळते. त्याचे नाव कारिन.

कारिन मूळचे चीनमधील. काष्ठौषधीच्या दुकानातून खोकल्यासाठी आपण जो बिहीदाणा आणतो, त्या बिहीचे हे जवळचे नातलग होय. बिहीला पोर्तुगीज लोक मार्मेलु म्हणतात व तिच्या घट्ट वडीला मार्मेलाद. गोव्यातील घरी नाताळात होणारी पेरूची पेराद ही तिचीच धाकटी बहीण समजावी. कारिनचे फळ कच्चे खाववत नाही, इतके ते टणक व तुरट असते. परंतु सुगंध असा की, ते घरात नुसते ठेवले तरी खोली दरवळते. जपानी गृहिणी त्याच्या फोडी मधात मुरवितात आणि घसा बसला म्हणजे तो मध कढत पाण्यातून देतात.

आता कुंडीतील झाडाकडे वळू. छाटणीने व मुळांच्या आवरणाने खोड आखूड राहते, पानेही लहान होतात. फळ मात्र माळ्याचे ऐकत नाही. जमिनीत तीस फुटांहून उंच वाढणाऱ्या झाडाचे फळ १२ ते १७ सेंटिमीटर लांब असते. कुंडीतले त्याहून थोडेसेच लहान. त्या चिमुकल्या झाडाने अशी पाचसहा फळे पोसायची म्हणजे मूठभर मुळ्यांवर केवढा भार! फळांपायी बारीक फांद्या वाळतात, पुढील वर्षी फूल येत नाही; कधी सबंध फांदीच जाते. म्हणून जाणता माळी फळे धरली की चांगली वाढलेली फळेसुद्धा खुडून टाकतो. एक किंवा दोन ठेवतो. झाड अशक्त असेल तर त्या वर्षी एकही नाही. प्रथम आम्हांला हे निर्दयपणाचे वाटले. परंतु या झाडाची खरी परीक्षा छाटणीच्या कात्रीपेक्षा या खुडण्यातच आहे, असे आता आमचे मत झाले आहे.

छाटणीतही घाई चालत नाही. वसंतातील गुलाबी फुले आखूड डहाळ्यांच्या टोकांवर येतात. त्या तोडल्या की फूलही गेले आणि फळही. लांब कोंब मात्र उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत वाढू द्यावेत आणि जून झाले की दोन पाने राखून कापावेत. वळण देण्यासाठी तार गुंडाळावयाची ती कोवळ्या कोंबालाच. जुनी फांदी कडक असते, ती मोडते. शिवाय तारेचा वळ सालीवर उमटतो, आणि सालच तर या झाडाचे अर्धे सौंदर्य! तिचे पापुद्रे गळून खाली हिरवे, करडे व नारिंगी डाग दिसू लागतात.

फळ अंगावर असताना कुंडी क्षणभरही कोरडी पडू देता कामा नये. दर दोनतीन वर्षांनी, वसंतात डोळे फुटण्यापूर्वी, माती बदलून मुळ्या छाटतात. हिवाळ्यात पाने गाळून थंडीत विसावा घेणारे हे झाड असल्याने कोकणात वा गोव्यात ते सुखाने नांदेल असे आम्हांस वाटत नाही. कोणी रोप मागविण्याच्या खटाटोपात पडू नये.

टोकियोजवळ ओमिया येथे, १९२३ च्या भूकंपानंतर राजधानी सोडून आलेल्या माळ्यांनी १९२५ मध्ये वामनवृक्षांचे एक गावच वसविले. २०१० पासून तेथे अशा वृक्षांचे संग्रहालयही आहे.

काही जपानी लोक अंगणात कारिनबरोबर काशी नावाचा ओकवृक्षही लावतात. त्यांच्या भाषेत ‘कारिन’ म्हणजे उसने घेणार नाही, आणि ‘काशी’ म्हणजे उसने देणे. नावांचा असा श्लेष साधून ते कर्जाला दाराबाहेर ठेवतात. कुंडीतल्या झाडाचे ते एक फळ मात्र थंडी कडक होण्यापूर्वी उतरवून घेतात, काही दिवस बैठकीत वासासाठी ठेवतात आणि मग मधाच्या बरणीत घालतात.