जोडण्या किती ठेवाव्यात?

परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस कसा असतो, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको. पूर्वी खिडकीपाशी रांग लागे. आता ती संगणकाच्या आत लागते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही इतकेच. अशाच एका शेवटच्या दिवशी आमच्या अर्जाचे पान रखडत चालू लागले. एक मुलगी लांबच्या वाडीवरून एस.टी.ने येऊन दुपारपासून बसून होती. यंत्रणेची देखरेख माझ्याकडे. मी घाईघाईने एक आकडा वाढवला, आणि जे रखडत का होईना चालत होते, त्यातलेही बरेचसे बंद पडले! तो आकडा कोणता आणि वाढवल्याने बिघडले कसे, तेच आज सांगायचे आहे.

अर्जातली माहिती शेवटी साठते ती डेटाबेसात. पण विद्यार्थ्याचा फोन डेटाबेसाशी थेट बोलत नाही. मध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर नावाचा कारभारी असतो. तो इकडचे म्हणणे ऐकतो, तिकडे विचारतो आणि उत्तर आणून देतो. कारभारी आणि डेटाबेस यांच्यात बोलण्याची जी वाट उघडावी लागते, तिला आपण जोडणी म्हणू. ती उघडायची म्हणजे आधी हाक, मग नाव आणि पासवर्ड यांची तपासणी. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात तर दर जोडणीमागे एक स्वतंत्र गडीच उभा करावा लागतो. काम क्षणाचे आणि तयारीच मोठी, असे पुष्कळदा होते. म्हणून काही जोडण्या अगोदरच उघडून ठेवतात. ज्याला लागेल त्याने घ्यावी, काम होताच परत ठेवावी. या साठ्याला पूल म्हणतात. नदीवरचा पूल नव्हे बरं का, हा शब्द इंग्रजीतला आहे!

आता या पुलात जोडण्या किती असाव्यात? माझ्या आजोबांच्या विहिरीवर चार मोटा चालत, असे वडील सांगत. तिथे वीस मोटा जुंपल्या असत्या तर पाणी पाचपट आले असते का? नाडे एकमेकांत गुंतले असते, बैल धावेवर अडकले असते, आणि चार मोटांचे पाणीसुद्धा थारोळ्यात पडले नसते. डेटाबेसाचेही तसेच आहे. एका वेळी खरे काम किती व्हायचे, ते त्याच्या प्रोसेसरमध्ये कोअर किती आणि डिस्क किती, यावर ठरते. जाणकारांचा एक जुना ठोकताळा आहे: कोअरच्या दुप्पट आणि त्यात डिस्कची संख्या मिळवावी. चार कोअर आणि एक डिस्क असेल तर नऊ. हा आकडा सुरुवातीपुरता घ्यायचा, पुढे अनुभवाने कमीजास्त करायचा. पण नऊ म्हणजे नऊशे नव्हेत, हे ध्यानात येते.

माझी चूक याहून ढोबळ होती. आमचे ॲप्लिकेशन सर्व्हर चार. प्रत्येकाच्या पुलात दहा, म्हणजे एकूण चाळीस जोडण्या. मी दहाचे चाळीस केले आणि चारने गुणायला विसरलो. चाळीस चोक एकशे साठ! पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्या देतो, त्यातल्या तीन व्यवस्थापकासाठी राखून ठेवतो. उरल्या ९७. पहिल्या दोन सर्व्हरांनी सुरू होताच ८० अडवल्या, तिसऱ्याला १७ मिळाल्या आणि चौथ्याच्या हाती भोपळा. मग चौथ्याकडे गेलेल्या मुलांना नकार येणारच. आकडा पूर्ववत केला तेव्हा गाडा पुन्हा हळूहळू चालू लागला. त्या मुलीचा अर्ज रात्री नऊला गेला. तिची शेवटची एस.टी. तोवर निघून गेली होती. आमच्या कचेरीतल्या एका बाईंनी तिला घरी नेले.

मग मूळ दुखणे काय होते? ते पुढच्या आठवड्यात सापडले. फी भरण्याच्या पानावर आमचा प्रोग्राम जोडणी हातात घेई, आणि ती तशीच धरून बँकेच्या उत्तराची वाट पाहत बसे. बँकेला पंधरा सेकंद लागले तर जोडणीही पंधरा सेकंद अडकलेली. मोट विहिरीत सोडून गडी बाजाराला जावा, तसला प्रकार! आधी जोडणी परत ठेवायची, मग बँकेला विचारायचे, आणि उत्तर आले की पुन्हा मागून घ्यायची, एवढी दुरुस्ती पुरली. पुलातल्या जोडण्या दहाच राहिल्या.

वाट पाहण्याचीही मर्यादा ठरवावी लागते. जावा भाषेतल्या प्रोग्रामांबरोबर हिकारी नावाचा पूल फार वापरतात. त्यात ती मुळात ३० सेकंद असते. मला ती जास्त वाटते. इतका वेळ पान हलले नाही की मुले पुन्हा पुन्हा बटन दाबतात, आणि रांग आणखी फुगते.

आणखी एक गोष्ट शाळांच्या बाबतीत हमखास घडते. संध्याकाळी सगळे घरी जातात, आणि सकाळी पहिल्याच माणसाला पान चूक दाखवते. मायएसक्यूएल हा डेटाबेस आठ तास निजलेली जोडणी आपण होऊन तोडतो, आणि पुलाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून पुलातल्या जोडणीचे आयुष्य त्याहून कमी ठेवायचे. हिकारीत ते मुळातच ३० मिनिटे असते. तुमच्या शाळेत रोज सकाळी पहिला प्रयत्न फसून दुसरा साधत असेल, तर आधी हे तपासायला सांगा.